सदाफुलीची पाच पाने

आवडत्या फुलावर पंधरा मिनिटे बोला, असा निरोप आला तेव्हा घरच्यांची खात्री होती की मी मोगऱ्यावर बोलणार. कवी माणूस, त्यातून गझला ऐकत वाढलेला. मोगरा नाही तर निदान गुलाब. मी सदाफुलीचे नाव घेतले तेव्हा बायको हसली. आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "वो भी कोई फूल है? कहीं भी उगती."

तिचे चुकले नाही. आमच्या चिखलीत सदाफुली फारसे कोणी मुद्दाम लावत नाही. नालीच्या कडेला, तेलाच्या रिकाम्या डब्यात, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, भिंतीच्या फटीत ती आपली आपण येते. पाच पाकळ्या, मध्ये बारीक डोळा. रंग गुलाबी नाही तर पांढरा. पान गुळगुळीत, मधली शीर पांढुरकी. कोणी तिला बारमासी म्हणतात, हिंदी-उर्दूत ती सदाबहार. वास नाही म्हणून गजऱ्यात तिला कोणी ओवत नाही. पान कडू म्हणून बकरी तिला तोंड लावत नाही. बुलडाणा जिल्ह्यातला उन्हाळा श्रोत्यांना ठाऊक आहे. विहिरी आटतात, टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात, तेव्हाही ही बाई फुललेली असते.

बकरी खात नाही आणि पाणी मागत नाही, म्हणून कबरस्तानात तिचे चांगले जमते. आमच्याकडे कबरीवर हिरवी डहाळी ठेवायची रीत आहे. डहाळी दोन दिवसांत वाळते. सदाफुली मात्र राहते. माझे अब्बा तिथे २००३ सालापासून आहेत. त्यांच्या उशाशी एक पांढरी सदाफुली आहे. ती मी लावलेली नाही. कुठून तरी बी आले आणि रुजले. पहिल्या पावसाळ्यात ती दिसली तेव्हा मला ती उपटून टाकावीशी वाटली होती. का, ते सांगतो.

अब्बा शिंपी होते. पायाने चालवायचे जुने मशीन होते त्यांचे. शाळेचे गणवेश, लग्नाचे सफारी, गणपतीच्या मखराचे पडदे आणि ईदेचे कुर्ते असे सगळे त्या एका मशीनवर शिवले जायचे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना साखर निघाली. आमच्याकडे मधुमेहाला साखरच म्हणतात. डॉक्टरांनी दोन वेळच्या गोळ्या दिल्या, गोड बंद केले, चालायला सांगितले. अब्बांनी गोड सोडले, चालणे काही जमले नाही, गोळ्या मात्र ते वेळेवर घ्यायचे.

मी तेव्हा एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि कविता लिहीत होतो. गावातल्या एका साप्ताहिकाला दर आठवड्याला घरगुती औषधांचे सदर हवे होते. संपादक म्हणाले, "तुम्ही लिहिता चांगलं, पुस्तकंही तुमच्याच ताब्यात आहेत, तुम्हीच लिहा." मी बी.ए. झालेला, तेही मराठी घेऊन. वैद्यकाचा आणि माझा संबंध खोकल्याच्या औषधापुरता. पण छापून येण्याची हौस होती. वाचनालयात वनौषधींच्या तीन-चार जुन्या पुस्तिका होत्या. त्यातले थोडे इकडचे, थोडे तिकडचे घ्यायचे, वर चार ओळी फुलाच्या सौंदर्यावर लिहायच्या, की सदर तयार.

२००१ साली एका आठवड्यात मी सदाफुलीवर लिहिले. त्यात एक वाक्य होते: "रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच पाने चावून खावीत, मधुमेह आटोक्यात येतो." मी ते पान स्वतः कधी चाखलेले नव्हते. कोणा डॉक्टरला विचारले नव्हते, वैद्यालाही नाही. एका पुस्तिकेत तीन पाने लिहिली होती, दुसरीत सात. मी पाच केली.

अब्बा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी ते अक्षर अक्षर लावून वाचायचे. माझ्या कविता त्यांना कधी कळल्या नाहीत. "छापतात म्हणजे बऱ्या असतील," एवढेच म्हणायचे. हे सदर मात्र त्यांना कळले. त्यांनी आपल्या कपडे बेतायच्या कात्रीने ते कात्रण कापले आणि मशीनच्या वर, भिंतीवर खळीने चिकटवले. गिऱ्हाईक माप द्यायला आले की ते दाखवायचे, "हे आमच्या पोरानं लिहिलंय."

आणि ते पाने खाऊ लागले. शेजारच्या कुंडीतली रोज पाच. पंधरा दिवसांनी त्यांनी सकाळची गोळी सोडली. दोनेक महिन्यांनी रात्रीचीही सोडली. हे त्यांनी मला सांगितले नाही, डॉक्टरांनाही सांगितले नाही. अम्मीला एवढेच म्हणाले होते की गोळी म्हणजे केमिकल, पान हे कुदरतचे.

२००३ च्या जानेवारीत मशीनची सुई तुटून खाली पडली. अब्बा अनवाणी पायाने मशीन चालवायचे. तुकडा तळपायात शिरला आणि त्यांना कळले नाही. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात; खुपलेले समजत नाही आणि झालेली जखम लवकर भरत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पाय सुजला तेव्हा अम्मीने पाहिले. दवाखान्यात रक्त तपासले तर साखर चारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारले, "बाबा, गोळ्या केव्हापासून बंद आहेत?" अब्बांनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. अम्मीच बोलली, "वो पत्ते खाते थे. तूने लिखा था ना."

आधी बोटे गेली, मग गुडघ्याखालचा पाय. मार्च महिन्यात अब्बा गेले.

मी हे मोजून-मापून सांगतो आहे, कारण एकदा न मोजता लिहून बसलो आहे. सदाफुलीच्या पानांनी माझ्या वडिलांचा जीव घेतला, असे मी म्हणत नाही. साखर जुनी होती, पाय आधीच बधिर होत आला असेल. पण ज्या गोळीने साखर धरून ठेवली होती, त्या गोळीच्या जागेवर ते पान येऊन बसले. आणि तिथे त्याला बसवले मी.

यानंतर सात-आठ वर्षे मी ते फूल पाहिले की नजर फिरवायचो. सदर बंद केले. कविता चालू राहिल्या, त्यात फूल येऊ दिले नाही.

मग २०११ साल उजाडले. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. ताप जाईना, चेहरा पांढराफटक, पायांवर न पडता-झडता काळेनिळे डाग. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "वेळ घालवू नका, मुंबईला न्या." राजूर घाट उतरून मलकापूर गाठले, रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी आम्ही परळला टाटा हॉस्पिटलच्या दारात होतो. दोन-तीन दिवसांत आजाराचे नाव कळले: अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत हा सगळ्यांत जास्त आढळणारा. रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि बेसुमार वाढतात.

आमची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. गाडगेबाबा आमच्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. बहिणीला मुंबईचे भय वाटत होते, बाबांचा फोटो पाहून ती म्हणाली, "हे तर आपल्याकडचे." बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून आलेल्या आया तिथे होत्या. पोरांच्या डोक्यावर केस नव्हते, तोंडाला मास्क होते आणि ती पोरे जिन्यात गाड्या गाड्या खेळत होती.

उपचार सुरू झाले. काही गोळ्या, काही सुया. त्यातले एक इंजेक्शन आठवड्यातून एकदा, शिरेतून. ते द्यायचे असले की सिस्टर नाव दोनदा वाचायच्या, दुसऱ्या सिस्टरला दाखवायच्या, मग द्यायच्या. मी ग्रंथपाल, न कळलेला शब्द लिहून घ्यायची सवय. फाइलवरून ते नाव तळहातावर उतरवले: विन्क्रिस्टिन. सिस्टरांनी पाहिले आणि म्हणाल्या, "मामा, हे सदाफुलीपासून बनतं. तुमच्या गावाकडे असेल ना?"

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. भाचा आतून हाक मारत होता, "मामू, मामू." उठायला जरा वेळ लागला.

परत आल्यावर मी वाचनालयात बसून त्या फुलाचा इतिहास शोधून काढला. या खेपेला तीन पुस्तके एकमेकांशी जुळेपर्यंत काहीही खरे मानायचे नाही, असे ठरवले होते.

सदाफुली आपली नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. ती मूळची आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या मादागास्कर बेटावरची. चरक-सुश्रुतांच्या संहितांत ती नाही, कारण त्या काळी ती इकडे आलेलीच नव्हती. अठराव्या शतकात तिचे बी युरोपातल्या बागांमध्ये गेले. १७५९ मध्ये लिनिअस या शास्त्रज्ञाने तिला विन्का रोझिआ असे नाव दिले. आज शास्त्रात ती कॅथरॅन्थस रोझिअस म्हणून ओळखली जाते. जहाजांबरोबर ती साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली आणि जिथे गेली तिथे लोकांनी तिला औषध म्हणून चाखून पाहिले. कितीतरी ठिकाणी तिचा काढा साखरेवर देत. वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावरही देत.

१९५२ साली कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांना त्यांच्या एका रुग्णाकडून जमैकाहून आलेले पाकीट मिळाले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. तिकडे मधुमेहावर याचा चहा पितात, पाहा काही उपयोग होतो का, असा निरोप. हे क्लार्क नोबल म्हणजे १९२१ साली इन्सुलिनच्या शोधात बँटिंग यांचे मदतनीस होता होता राहिलेले विद्यार्थी. दोघांपैकी आधी कोणी काम करायचे यासाठी नाणे उडवले गेले आणि कौल चार्ल्स बेस्ट यांना मिळाला, असे सांगतात. तर या नोबलांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. ते वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखर हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला. साखरेवर परिणाम नाहीच, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण शोधले तेव्हा दिसले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या आहेत. दुसऱ्या कोणी पाने फेकून दिली असती. नोबल यांच्या मनात आले की जे पांढऱ्या पेशी कमी करते, ते पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या आजारावर चालेल का? रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर त्यांच्या जोडीला आले आणि १९५८ मध्ये दोघांनी पानांतून वेगळे केलेले द्रव्य जगापुढे ठेवले. ते विनब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेत लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा हे याच झाडावर काम करीत होते. त्यांच्याकडून विन्क्रिस्टिन आले. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

हे द्रव्य करते काय, ते मी शिंप्याच्या पोराच्या भाषेत सांगतो. पेशी एकीच्या दोन होताना आतला गुणसूत्रांचा ऐवज दोन्हीकडे सारखा वाटावा लागतो. त्यासाठी पेशी आतल्या आत बारीक धागे विणते आणि त्या धाग्यांनी तो ऐवज दोन टोकांकडे ओढून घेते. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या जोडून हे धागे होतात. विन्क्रिस्टिन त्या कड्यांना जाऊन चिकटते. धागा विणला जात नाही, वाटणी अर्ध्यावर अडकते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुणावतात, म्हणून त्यांना याचा फटका जास्त बसतो.

पण तसेच धागे आपल्या नसांतही असतात. मज्जापेशीच्या लांबलचक तंतूंमधून मालाची ने-आण त्यांच्यावरून होते. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या भाच्याला शर्टाचे बटण लावता येईना. बोटे बटण शोधायची आणि काजावरून घसरायची. पाऊल टाकताना पुढचा भाग खाली लोंबायचा. त्याचे आजोबा असते तर त्यांनी एका दुपारीत बटणांऐवजी नाड्या लावून दिल्या असत्या. बहीण रडायला लागली. डॉक्टरांनी मात्रा कमी केली, व्यायाम शिकवले आणि सांगितले की बहुतेक मुलांचे हे हळूहळू भरून येते.

मात्रा. हा शब्द आम्ही कवीही वापरतो. एक कमी-जास्त झाली की वृत्त मोडते, एवढेच. विन्क्रिस्टिनची मात्रा मुलाच्या उंची-वजनावरून अंगाचा पृष्ठभाग काढून ठरवतात. एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. माझ्या भाच्याएवढ्या मुलाला एका वेळी सुमारे एक मिलिग्रॅम. म्हणजे साखरेच्या एक-दोन दाण्यांचे वजन. ते शिरेतूनच द्यायचे असते. चुकून पाठीच्या मणक्यात दिले गेले तर जीव जातो. जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल २००७ मध्ये जगभरच्या रुग्णालयांना सावध केले. सिस्टर नाव दोनदा का वाचायच्या, ते मला तेव्हा कळले.

आता झाडाकडे पाहा. सदाफुलीत शंभराहून जास्त निरनिराळी अल्कलॉइडे सापडली आहेत. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीने तयार केलेली, बहुधा कडू आणि अंगावर जोरकस परिणाम करणारी नत्रयुक्त द्रव्ये. चहातले कॅफिन हे एक, सिंकोनातले क्विनीन हे दुसरे. सदाफुली ती आपल्यासाठी करीत नाही. किडीने आणि जनावराने आपल्याला खाऊ नये म्हणून करते. आमच्या बकरीला ते कळलेले आहे. विंडोलिन आणि कॅथरॅन्थिन ही दोन द्रव्ये जोडली जाऊन विनब्लास्टिन होते, आणि विन्क्रिस्टिन त्याचाच थोडा बदललेला भाऊ. पण ही दोन्ही झाडात इतकी थोडी असतात की एक ग्रॅम मिळवायला ५०० किलोंपासून २,००० किलोंपर्यंत वाळलेली पाने लागतात, असे हिशेब आहेत. म्हणजे माझ्या भाच्याच्या एका सुईसाठी अर्धा ते दोन किलो वाळलेली पाने. आणि मी लिहिले होते, पाच पाने चावा.

शोधता शोधता एक नाव मात्र घरचे निघाले. सदाफुलीच्या मुळांत अजमलिसिन नावाचे द्रव्य असते. ते सर्पगंधेतही असते. सर्पगंधा आणि सदाफुली दोघी कण्हेरीच्या कुळातल्या. १९३१ च्या सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी सर्पगंधेतली द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतल्या काहींना हकीम अजमल खान यांच्या नावावरून नावे दिली. हकीमसाहेब म्हणजे युनानीतले मोठे वैद्य, १९२१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. पिढ्यान्‌पिढ्यांची हकिमी घरात असूनही, जडीबुटीत नेमके काय आहे ते प्रयोगशाळेत तपासून पाहा असे म्हणणारा आणि त्यासाठी सिद्दिकींना बोलावणारा तो माणूस होता.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. सदाफुलीची पाने आणि मुळे आपल्या देशातून परदेशात जायची आणि औषध महाग होऊन परत यायचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सिप्ला कंपनीच्या साथीने १९८४ मध्ये विनब्लास्टिन आणि विन्क्रिस्टिन इथेच बनवण्याचे तंत्र तयार केले. त्याच सुमारास टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स यांनी लहान मुलांच्या या ल्युकेमियावर एक समान उपचारपद्धती सुरू केली. वीस वर्षांच्या अनुभवाचा तिचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी शंभरातली वीसेक मुले वाचत होती, ती चाळीस ते साठपर्यंत गेली. आता चांगल्या केंद्रांत त्याहून अधिक वाचतात. अर्थात विन्क्रिस्टिन एकटे हे करीत नाही. सोबत चार-सहा औषधे असतात आणि दोन-तीन वर्षे न कंटाळता फेऱ्या मारणारे आईबाप असतात.

२०१९ मध्ये अमेरिकेसारख्या देशातही या औषधाचा तुटवडा पडला आणि मुलांच्या सुया पुढे ढकलायची वेळ आली. पानांवर किती दिवस विसंबायचे, म्हणून शास्त्रज्ञांनी झाडाची ही सारी पाककृतीच उलगडायला घेतली होती. २०१८ मध्ये तिच्यातले शेवटचे हरवलेले टप्पे सापडले, आणि २०२२ मध्ये डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातल्या पथकाने पाव फुगवायच्या यीस्टमध्ये सदाफुलीची जनुके घालून विंडोलिन आणि कॅथरॅन्थिन तयार करून दाखवले. पुढे ती दोन जोडून विनब्लास्टिन झाले.

आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटले होते. अब्बा मेटफॉर्मिनच्या गोळ्या घ्यायचे. केमिकल म्हणून त्यांनी सोडल्या त्या याच. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती आहे. तिच्यात साखर कमी करणारे द्रव्य असते, पण ते विषारी. त्याच्यासारखे पण सोसणारे द्रव्य शोधताना मेटफॉर्मिनपर्यंत पोचता आले, आणि १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे त्या गोळीचे मूळही एका फुलाकडेच जाते. हे मला २००१ साली माहीत असते तर ते मी सदरात लिहिले असते, आणि अब्बांनी तेही भिंतीवर चिकटवले असते.

भाच्याचे उपचार २०१४ मध्ये संपले. पाऊल सरळ पडू लागले, बोटे पूर्ववत झाली. आता तो विशीला आला आहे. चिखलीत मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो. डोळ्याला भिंग लावून तीळभर स्क्रू काढतो आणि बसवतो. मी कधी कधी संध्याकाळी त्याच्या दुकानात नुसता बसतो. तो म्हणतो, "मामू, काही काम होतं का?" मी म्हणतो, "नाही रे, असाच."

अब्बांच्या उशाशी आलेली सदाफुली मी उपटली नाही. आता पावसाळ्याआधी तिच्या बुडाशी माती ओढून येतो.

एक काम मात्र राहिले होते. त्या सदराचा खुलासा मी कधी छापला नाही. आधी लाज वाटली, नंतर ते साप्ताहिकच बंद पडले. माझे ते वाक्य आणखी किती घरांत वाचले गेले, किती भिंतींवर चिकटले, मला माहीत नाही. आजही गावात लोक सदाफुलीची पाने, फुले साखरेवर घेताना दिसतात. आता तर मोबाइलवर असे निरोप रोज येतात. म्हणून तो खुलासा आज इथे देतो.

सदाफुलीची पाने चावून मधुमेह आटोक्यात येतो, हे मी लिहिले होते. ते मी तपासलेले नव्हते. प्रयोगशाळेत प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत तिच्या अर्काने साखर उतरल्याचे पुढे दिसले आहे, पण माणसाने किती पाने खावीत, किती दिवस खावीत, याचे भरवशाचे माप कोणी दिलेले नाही. त्याच पानात पेशी मारणारी द्रव्येही आहेत. गरोदर बाईने तर ती पोटात घेऊच नयेत. कर्करोगावरचे औषध हे पानांतून वेगळे केलेले, मोजलेले, शिरेतून द्यायचे औषध आहे; पाने खाऊन कर्करोग बरा होत नाही. साखरेची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. एखादे पान, काढा, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगावे. आणि साखर असलेल्याने रोज रात्री आपले तळपाय उजेडात पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या कोणाला पाहायला सांगावेत.

पाच पानांचे ते कात्रण कोणाकडे अजून असेल, तर त्याच्या शेजारी हेही चिकटवावे, एवढी विनंती.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)